लेकीच्या खोलीचा फॉर्म

फॉर्म भरावा तर मीच, असा माझा तोरा होता, आणि तो उगाच नव्हता. दुबईत माणूस पगारावर जगतो, पण टिकतो फॉर्मवर. व्हिसाचा फॉर्म, हेल्थ कार्डाचा फॉर्म, पासपोर्ट रिन्यू करायचा फॉर्म, पोरांच्या शाळेचा फॉर्म. मी एका इंडियन शाळेच्या ऑफिसात होते, अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर. पंधरा वर्षं लोकांचे फॉर्म तपासले. एक रकाना रिकामा दिसला की फॉर्म आल्या वाटेने परत. "इन्कम्प्लीट आहे. नेक्स्ट." समोरचा बाप कितीही मोठा मॅनेजर असो, माझ्यापुढे त्याचा पाचवीतला पोरगा व्हायचा.

घरीही तेच. दुबईच्या करामा भागातली आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, खाली एक उडुपी हॉटेल आणि एक टेलर. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दारावर टकटक झाली की समजायचं, फॉर्म आला. कधी शेजारीण, कधी साइटवर काम करणारे रत्नागिरीकडचे दोघं-तिघं. "वहिनी, जरा एवढा भरून द्या की." मी चष्मा लावून, काळ्या पेनने, कॅपिटल अक्षरांत ठसठशीत भरून द्यायची. त्यांनी आणलेली केळी ठेवून घ्यायची आणि वर दोन शब्द सुनवायची, "पुढच्या वेळी फोटोच्या मागे नाव लिहून आणा." असा सगळा कारभार. आणि शेवटी आपटले कुठे? तर पोटच्या पोरीच्या फॉर्मवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लेक बारावीला होती ते वर्ष. दोन हजार साल लागलं होतं. तिला अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळाली, थोडीफार स्कॉलरशिपही मिळाली. एकुलती एक लेक, अभ्यासात हुशार, बोलायला फटकळ. फटकळपणा कुणाकडून आला ते सांगायला नको. अ‍ॅडमिशनचं जाडजूड पाकीट आलं ते नेमकं तिच्या बोर्डाच्या परीक्षेत. केमिस्ट्रीचा पेपर तोंडावर, आणि पाकिटात हा ढीग. त्यातच होता हॉस्टेलचा फॉर्म. तिकडे त्याला हाउसिंग म्हणतात.

"मी भरते नंतर," लेक म्हणाली.

"तू भरू नकोस. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. खोली द्यायची सोडून तुला डॉक्टरकडे पाठवतील."

"आई, इट्स माय फॉर्म."

"माय फॉर्म म्हणे! केमिस्ट्री कर."

असला फॉर्म मी जन्मात पाहिला नव्हता. तुम्ही किती वाजता झोपता? गाणी मोठ्याने लावता का? सिगारेट ओढता का? खोली आवरलेली ठेवता का? रूममेट जोडून द्यायला हे सगळं विचारतात म्हणे. मला हसूच आलं. आमच्याकडे लग्न ठरवताना इतकं विचारत नाहीत. सगळ्या प्रश्नांची मी आदर्श उत्तरं लिहिली. झोपते दहाला, गाणी हळू, सिगारेट नाही. खोली आवरलेली? "ऑलवेज." लेकीच्या खोलीत तेव्हा जमीन दिसत नव्हती, तो भाग वेगळा. मग पत्त्याचे रकाने आले, ते मी न थांबता भरले, सही तिची घेतली आणि पाकीट ह्यांच्याकडे दिलं. हे, म्हणजे माझे यजमान, दुबईतल्याच देरा भागात एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात होते. तिथूनच सगळी टपालं जायची.

मेमधे निकाल लागला, जूनमधे व्हिसाचा शिक्का बसला. दरवर्षी जुलैत शाळा बंद झाली की आम्ही पुण्याला जायचो, पण त्या वर्षी म्हटलं, पोरगी ऑगस्टच्या शेवटी जाणार, पुण्याला काय नेहमीचंच. राहिलो इथेच. बाहेर भट्टी पेटलेली, बिल्डिंगमधले अर्धे लोक इंडियाला गेलेले. मी आणि लेक संध्याकाळी लिस्ट घेऊन करामाच्या बाजारात फिरायचो. चादरी, स्वेटर, प्रेशर कुकर. एखादी बॅग आवडली की मी दिऱ्हॅममधे भाव विचारणार, मनात बाराने गुणून रुपये करणार आणि मोठ्याने म्हणणार, "बाई गं! एवढ्यात पुण्यात कपाट येईल." लेक लांब जाऊन उभी राहायची. आई म्हणून ओळख दाखवायची नाही.

आणि जुलैच्या मध्यावर ती ईमेल आली.

हॉलमधे कॉम्प्युटर होता. फोनची वायर काढून त्याला लावली की तो दोन मिनिटं खाकरायचा, मग इंटरनेट लागायचं. लेक वाचत होती आणि एकदम म्हणाली, "आई, दे कॅन्सल्ड माय रूम."

"काय कॅन्सल केलं?"

"रूम! त्यांनी अ‍ॅग्रीमेंट पाठवलं होतं, सही करून परत पाठवायचं होतं, आलं नाही म्हणून कॅन्सल. माझी जागा दुसऱ्या कोणाला दिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसलं अ‍ॅग्रीमेंट? आम्हाला कागद म्हणून आला नव्हता. इकडे पोस्टमन दारात येत नाही, सगळं टपाल कंपनीच्या पोस्ट बॉक्समधे येतं. ह्यांच्या ऑफिसातला माणूस रोज पोस्ट ऑफिसात जाऊन पेटी उघडतो. अ‍ॅडमिशनचं पाकीट तिथेच आलं, व्हिसाचे कागद तिथेच आले, मग हे एकच कसं हरवलं? "लिही त्यांना," मी म्हटलं. "लिही, की आम्हाला काही मिळालेलं नाही. पुरावा द्या म्हणावं. असे कसे कॅन्सल करतात? मोगलाई आहे का?" लेकीने लिहिलं. माझे शब्द गाळून, सभ्य भाषेत.

संध्याकाळी हे घरी आले. ऐकून घेतलं, बूट काढले, हात-पाय धुतले, आणि शांतपणे म्हणाले, "जागा नाही तर तिकीट नाही. खलास."

हे कधी आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळे त्यांचं खलास म्हणजे खलासच. त्याला कारण होतं. लग्नाआधी हे दुबईत आले तेव्हा राहायची सोय ओळखीतल्या एकाने करतो म्हणून सांगितलं होतं. उतरल्यावर तो भेटलाच नाही. बॅग घेऊन ह्यांनी देऱ्यात चार दिवस जागा शोधली, आणि मिळाली ती कशी, तर एका खोलीत आठ माणसं, आणि खाट दोघांत एक. एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा. एकाने उठायचं, दुसऱ्याने त्याच गरम गादीवर पडायचं. तीन वर्षं तसे राहिले. त्याबद्दल हे कधी बोलत नसत. पण आपलं पोर परक्या देशात बॅग घेऊन जागा शोधत फिरणार नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि ते काही चूक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लेकीने मोठ्याने वाचलं. अ‍ॅग्रीमेंट एकदा मेमधे आणि एकदा जूनमधे, असं दोनदा पाठवलं होतं. सुट्टीत विद्यार्थी घरी असतात, म्हणून घरच्या कायमच्या पत्त्यावर पाठवण्याची पद्धत आहे. आणि पुढे तो पत्ता. आमच्या पुण्याच्या फ्लॅटचा नंबर, सोसायटीचं नाव, आणि "बिहाइंड मारुती टेंपल."

मी हातातली लसणाची पाकळी तशीच धरून बसले.

आता हे नीट सांगायला हवं. गल्फमधल्या कुठल्याही फॉर्मात दोन पत्ते असतात. एक इथला, तो पोस्ट बॉक्स. आणि दुसरा पर्मनंट, तो आपल्या देशातला. माणूस वीस वर्षं इथे राहिला तरी त्याचा पर्मनंट पत्ता गावाकडचा. उद्या नोकरी गेली, व्हिसा संपला, की जायचं तिकडेच, हे सगळ्यांना ठाऊक. आमच्या शाळेच्या फॉर्मातही तो रकाना होता, आणि लोक तिथे करामा लिहायला लागले की मीच खेकसायची, "अहो, पर्मनंट म्हणजे इंडियातला!" तसाच मी लेकीचा रकाना भरला होता. पुण्याचा फ्लॅट आम्ही घेऊन ठेवलेला. कुलूप लावलेला, फर्निचरवर चादरी टाकलेला. तिथे माणूस म्हणून राहत नव्हता. आणि मारुतीचं देऊळ तर मी एकटीच लिहायची, पोस्टमन चुकू नये म्हणून. पोस्टमन चुकला नव्हताच बिचारा.

"पासपोर्टवरनं घेतला असणार पत्ता," हे म्हणाले. "ह्या लोकांना एवढं कळत नाही, की पोरगी दुबईतनं लिहितेय."

पासपोर्टवर मारुती नव्हता. पण हे पत्ता ऐकत नव्हते, ऑफिसच्या लेटरहेडवर फॅक्स काय करायचा त्याची जुळवाजुळव मनात चालली होती. मी पुण्याला खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन लावला. त्या चपला घालून जिन्याखालच्या लेटरबॉक्सपाशी गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "अगं, आहेत की दोन मोठाली पाकिटं! परदेशी तिकिटांची. मी म्हटलं, तुम्ही जुलैत येताच आहात, तेव्हा बघाल." काकूंना काय बोलणार? मी आभार मानून फोन ठेवला.

खरं तर त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, की बाई गं, चूक माझी आहे. पत्ता मी लिहिलाय. नाही म्हटलं. मूग गिळून गप्प बसले. पहिल्यांदा लाजेने. इतकी वर्षं लोकांना रकाने शिकवले, आता कोणत्या तोंडाने सांगायचं? पण रात्र झाली तसं माझ्या लक्षात यायला लागलं, की लाज वेगळीच आहे आणि आतून मला बरं वाटतंय. हो, बरं वाटत होतं. खोली नाही म्हणजे तिकीट नाही. तिकीट नाही म्हणजे पोरगी इथेच. मी काही केलं नव्हतं, मला काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. स्वतःच्या तोंडाने सांगायला आजही जड जातं, पण त्या दिवशी मला झोप छान लागली.

ह्यांनी फॅक्स केला. उत्तर आलं, की वेटिंग लिस्टवर नाव घातलंय, आपल्यापुढे बरेच आहेत, काही सांगता येत नाही. हे म्हणाले, "म्हणजे आपलं इन्शाल्ला." दुबईत हा शब्द कोणत्या आवाजात आला की काम होणार नसतं, ते सगळ्यांना कळतं. मग ह्यांनीच सुचवलं, की शारजात अमेरिकन पद्धतीचं कॉलेज निघालंय, नवीन आहे पण चांगलं आहे, घरून बसने जाता येईल. "बघून तर येऊ." तिसऱ्या दिवशी दोघं जाऊन बघून आली. मी आपली घरी बसून मटार सोलले आणि देवाजवळ उदबत्ती लावली. काय मागितलं ते त्याला माहीत.

लेक परत आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "इट्स ओके, आई. छान आहे कॉलेज. लायब्ररी मोठी आहे."

"मग?"

"मग काय? शारजा इज फाइन."

आणि खोलीत गेली. मी कान देऊन राहिले. आता दार आपटेल, आता रडेल, बापावर ओरडेल, मला बोलेल. काही नाही. थोड्या वेळाने डोकावले तर चादरी, टॉवेल, स्वेटर बॅगेतून काढून कपाटात रचत होती. नीट, घड्या घालून. त्या पोरीने जन्मात कधी घडी घातली नव्हती. भेंडीत मीठ कमी पडलं तरी माझ्याशी तासभर वाद घालणारी पोर, आणि तिच्या हातातोंडाशी आलेला घास गेला तर एक शब्द नाही! भांडली असती तर मी पुरून उरले असते. तिचा तो समजूतदारपणा मात्र मला बघवेना. हे आपण काय करतोय, असं स्वतःलाच म्हटलं, आणि मग दोन-चार शिव्याही घातल्या स्वतःला, अस्सल पुणेरी.

चौथ्या दिवशी मी खाली उतरून फोनचं कार्ड घेतलं. घरून केला असता तर बिलात आला असता आणि ह्यांनी विचारलं असतं. आमच्या बिल्डिंगसमोर रस्त्यापलीकडे एक टेलिफोन बूथ होता, तीन बाजूंनी काच, वरून ऊन. संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडे अमेरिकेत सकाळचे नऊ, हाउसिंगचं ऑफिस उघडायची वेळ. रिसीव्हर इतका तापला होता की रुमालात धरावा लागला.

पलीकडून बाईचा आवाज आला. वयस्क, कोरडा, एकसुरी. करार वेळेत पोचला नाही की जागा पुढच्या विद्यार्थ्याला जाते, तसा नियम आहे, आम्ही काही करू शकत नाही. मी ऐकतच राहिले. अहो, हा तर माझाच आवाज! हेच मी पंधरा वर्षं खिडकीतून बोलत आले होते, फक्त इंग्रजी माझं जरा जाड. आणि मग मला पक्कं कळलं, की हिच्याशी काय बोलायचं. खिडकीमागच्या माणसाला रडणं ऐकून कंटाळा आलेला असतो, आणि भांडणाचा तर तो चिवटपणे बदला घेतो. पण चूक कबूल करून "आता तुम्हीच सांगा" म्हणणारा वर्षातून एखादाच येतो. त्याच्यासाठी मी स्वतः नियमातून वाटा काढून दिलेल्या आहेत.

"मॅडम," मी म्हटलं, "द मिस्टेक इज माइन. नॉट माय डॉटर्स. पत्ता मी लिहिला." आणि मी तिला सगळं सांगितलं. दोन पत्ते, पोस्ट बॉक्स, पुण्याचा फ्लॅट, काकू, लेटरबॉक्स. घाम कपाळावरून डोळ्यात येत होता.

बाई म्हणाली, "त्या पत्त्यावर तुमच्यापैकी कोण राहतं?"

"कोणी नाही."

"आणि दुबईत तुम्ही किती वर्षं आहात?"

"एकोणीस."

कागद चाळल्याचा आवाज आला. "पुढच्या मंगळवारी फोन करा," ती म्हणाली. "टर्म जवळ आली की काही जण येत नाही म्हणून कळवतात. मला ह्याच वेळेला करा, दुसऱ्या मुलीने उचलला तर ठेवून द्या." तेव्हा मला जे वाटलं ते असं, की ही बाई इथे करामात असती तर माझी मैत्रीण झाली असती.

पुढचा मंगळवार, मग त्याच्या पुढचा. दर मंगळवारी पाचला मी "जरा कोथिंबीर आणते" म्हणून खाली जायची. घरात कोथिंबीर मावेना. पहिल्या मंगळवारी नाही, दुसऱ्या मंगळवारी नाही. शारजाच्या कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख जवळ आली. हे म्हणाले, भरून टाकतो आता. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, तुम्हाला काय घाई. "आता तू कशाला अडवतेस?" म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. मी भांडी लावायला लागले.

तिसऱ्या मंगळवारी बाईने फोन उचलला तोच मुळी माझं नाव घेऊन. हॉस्टेलमधे जागा नव्हतीच. पण युनिव्हर्सिटीचं एक जुनं घर होतं, त्यात सोळा मुली एकत्र राहायच्या आणि घरचं काम वाटून घ्यायच्या. आचारी नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येकीने सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. त्यातली एक मुलगी येत नव्हती. "मी त्या मुलींना तुमच्या मुलीबद्दल सांगितलंय. त्यांचा एकच प्रश्न आहे. तिला स्वयंपाक येतो का?"

आमच्या कन्येला चहा करता येत नव्हता. एकदा तिने मॅगीचं भांडं जाळलं होतं.

"येस," मी म्हटलं. "एक्सलंट कुक."

"ऑलवेज?" बाई म्हणाली. मी फॉर्मात काय काय लिहिलं होतं ते तिने वाचलेलं असणार. मी हसले आणि तीही हसली, आणि तिने ह्यांच्या ऑफिसचा फॅक्स नंबर मागून घेतला.

फॅक्स दुसऱ्या दिवशी आला. हे कधी नव्हे ते टॅक्सीने घरी आले, कागद नाचवत. "बघ! मी म्हटलं नव्हतं, लेटरहेडवर लिहिलं की काम होतं?" लेकीने त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "यल्ला, चला, आता तिकिटाचं बघा, सीझन आहे." आजही आमच्याकडे ती जागा ह्यांच्या फॅक्सने मिळाली असाच इतिहास आहे. मी तो बदललेला नाही.

आता उरले होते सतरा दिवस, आणि पोरीला सोळा जणींचा स्वयंपाक शिकवायचा होता. लागले कामाला. सकाळी कुकर, दुपारी फोडण्या, संध्याकाळी पोळ्या. पोळ्या कसल्या, नकाशे! पहिल्या दिवशी मोहरी तडतडली तर ही किंचाळून हॉलमधे पळाली. "अगं, ती मोहरी आहे, बॉम्ब नाही." मीठ किती, तर "अंदाजाने." "आई, अंदाज इज नॉट अ मेजरमेंट!" मग प्रत्येक गोष्ट चमच्याने मोजून वहीत लिहून घ्यायची. हे ऑफिसातून आले की त्यांना ताट वाढलं जायचं. ते जळका बटाटा चावत म्हणायचे, "वा, क्या बात है." त्या सतरा दिवसांत आम्ही मायलेकी जितक्या भांडलो तितक्या आधी कधी भांडलो नव्हतो. मला फार बरं वाटत होतं.

जायच्या आदल्या दिवशीची दुपार. शुक्रवार होता, हे आतल्या खोलीत झोपले होते. ती वरणाला फोडणी देत होती आणि मी ओट्याला टेकून उभी होते. फोडणी छान बसली. हिंगाचा वास सुटला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, आपली आपण हळद घातली, गॅस बारीक केला. मला एकदम कळलं, की ही आता खरंच जाते आहे, आणि आज बोलले नाही तर हे ओझं घेऊन मी इथे बसणार आहे.

"ऐक," मी म्हटलं. "तो पुण्याचा पत्ता पासपोर्टवरचा नव्हता. मी लिहिला होता."

"आय नो," ती म्हणाली.

"काय नो?"

"आई, मारुती टेंपल तुझ्याशिवाय कोण लिहितं?" ती डाव हलवत राहिली. "मला त्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस? एरवी एवढ्याशा गोष्टीवरून घर डोक्यावर घेतेस!"

तिने डाव बाजूला ठेवला. ही पोर इंग्रजीत भांडायची, इंग्रजीत रुसायची, पण पुढचं ती मराठीत बोलली, अडखळत. "मला वाटलं, तू मुद्दाम लिहिलंस. मी जाऊ नये म्हणून. मग म्हटलं, आईला इतकं वाटत असेल तर राहू या."

चार महिन्यांची तयारी, व्हिसाची रांग, बॅगेतून काढलेल्या चादरींच्या त्या घड्या. ती हरली म्हणून गप्प बसली नव्हती. माझ्यासाठी बसली होती. अठरा वर्षांची पोर, आणि माझ्या मनातलं जे मी कोणाजवळ कबूल केलं नव्हतं ते तिने आधीच ओळखून माफ करून टाकलं होतं. मी स्टूल ओढून बसले.

"मुद्दाम नव्हतं लिहिलं गं," मी म्हटलं. "देवाशप्पथ नव्हतं. सवयीने लिहिलं." इथे थांबता आलं असतं. पण तिने एवढं केल्यावर मी अर्धं सांगणं बरं नव्हतं. "पण कळल्यावर तीन दिवस गप्प बसले, ते मुद्दाम."

वरण उकळायला लागलं होतं.

"आणि चौथ्या दिवशी?" तिने विचारलं.

"चौथ्या दिवशी काय?"

"खिडकीतून बूथ दिसतो, आई. बेचाळीस डिग्रीत कोणी कोथिंबीर आणायला फोन करत नाही." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "दर मंगळवारी मी इथे उभी राहून बघायची. यू वर बाउइंग सो मेनी टाइम्स. वाकून वाकून बोलत होतीस. तू कोणासमोर वाकताना मी कधी बघितलंच नव्हतं."

मग मी रडले, अगदी आवाज करून रडले, हे उठून येतील याची पर्वा न करता. ती हळदीच्या हातांनी माझं डोकं धरून उभी राहिली. जरा वेळाने मी म्हटलं, "मला नव्हतं गं तुला पाठवायचं. अजूनही नाही पाठवायचं."

"मग राहू का?" ती म्हणाली. थट्टेने नाही. खरंच विचारत होती.

मी पदराने तोंड पुसलं. त्या एका प्रश्नाला माझ्याजवळ दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी होती.

"जा," मी म्हटलं.